परतीच्या विमानाचे भाडे

मराठी माणसाला ‘परतीचे भाडे’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या गंगापूर तालुक्यात तर शाळकरी पोरालाही ते ठाऊक असते. वाळूजच्या कारखान्यांतून माल भरून ट्रक मुंबईला जातो, तिथे रिकामा होतो आणि मग मालक व चालक या दोघांनाही एकच घोर लागतो : परत येताना काय आणायचे? गाडी रिकामी आणली तर डिझेल जळते, टोल भरावा लागतो, चालकाचा भत्ता चुकत नाही आणि पदरात पडते ती नुसती रस्त्याची धूळ. म्हणून जाताना जे भाडे घेतले त्याच्या निम्म्यानेसुद्धा तो परतीचा माल उचलतो. ज्याला घाई नाही, ज्याचा माल आज नाही तर परवा पोचला तरी चालण्यासारखा आहे, अशा व्यापाऱ्याचे त्यात साधते. वऱ्हाड पोचवून परतणाऱ्या मोटारीत बसून आपल्यापैकी कितीतरी जण स्वस्तात गावी आलेले असतील. त्यात कमीपणा कसलाच नाही. गाडी तशीही यायचीच होती.

आता हाच न्याय आकाशाला लावून पाहा. श्रीमंतांची खासगी विमानेही अशीच रिकामी परततात, त्यांनाही परतीचे भाडे हवे असते, आणि ते मिळवण्यासाठी विमानवाले दरात भली मोठी सूट देतात. या रिकाम्या फेरीला त्या धंद्यात ‘एम्प्टी लेग’ म्हणतात. नट-नट्या, उद्योगपती आणि पुढारी ज्या विमानात पाय पसरून बसतात त्याच विमानात, त्याच खुर्चीवर, कमी पैशांत बसायला मिळणार, हे ऐकून कोणाचेही कान टवकारतील. पण वाचकहो, कान टवकारल्यावर लगेच खिशात हात घालू नये. ही सवलत नेमकी कोण देतो, कशासाठी देतो आणि तिच्या बदल्यात आपल्याकडून काय घेतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

रिकामे विमान उडते कशाला?

गंगापूरच्या फाट्यावर उभ्या असलेल्या काळी-पिवळी जीपचा नियम साधा आहे. शेवटची सीट भरल्याशिवाय ती हलत नाही. भाड्याच्या जेटचा नियम याच्या अगदी उलट. एक माणूस असो की आठ, ज्याने विमान ठरवले त्याच्या वेळेला ते उडते, आणि त्याला सोडले की पुढच्या गिऱ्हाइकाकडे किंवा आपल्या मुक्कामाच्या गावी रिकामेच निघते.

असे समजा की एका दिल्लीच्या विमानाने काही मंडळींना साईदर्शनासाठी शिर्डीला सोडले. मंडळी तिथे तीन दिवस राहणार आहेत. तीन दिवस विमान उभे ठेवायचे म्हणजे वैमानिकांचा मुक्काम आला, विमानतळाचे उभे राहण्याचे भाडे आले, आणि दिल्लीत वाट पाहणारे दुसरे गिऱ्हाईकही हातचे जाते. तेव्हा विमान दिल्लीला परत जाते. त्या फेरीत दोन वैमानिक असतात आणि मागच्या खुर्च्या मोकळ्या. खासगी विमानांच्या फेऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के अशा रिकाम्या असतात, असा युरोपातील अंदाज सांगितला जातो.

मुंबईसारख्या ठिकाणी आणखी एक कारण असते. तिथल्या विमानतळावर जागेची टंचाई जुनीच आहे. गर्दीच्या वेळी खासगी व भाड्याच्या लहान विमानांना तिथे मनाई असते, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने ही मनाई दिवसाला चार तासांवरून आठ तासांवर नेली. त्यामुळे पाहुण्यांना मुंबईत उतरवायचे आणि विमानाने मुक्कामाला दुसऱ्या गावी जायचे, अशी पाळी येते. यजमानाच्या घरी पंगत उठली, पण झोपायला मात्र शेजारच्या घरी जा, असा हा प्रकार. शिवाय लग्नसराई असते, निवडणुका असतात. सकाळी एका जिल्ह्यात सभा, दुपारी दुसऱ्यात, या धावपळीत विमाने जेवढी भरून उडतात तेवढीच रिकामीही उडतात.

आता मुख्य मुद्दा. ज्या बड्या गिऱ्हाइकाने विमान ठरवले, त्याच्याकडून बहुधा जाण्याचे आणि रिकामे परत येण्याचे, असे दोन्ही पैसे आधीच घेतलेले असतात. म्हणजे परतीच्या फेरीवर जे मिळेल ते विमानवाल्याला वरकमाई. म्हणून तो उदार होतो. त्याची सूट ही कृपा नव्हे, तो रोकडा व्यवहार आहे.

कल्पना नवी, पण तत्त्व जुने

विमान दुसऱ्याच कामाला निघालेले असावे आणि माणसाने त्यातली उरलेली जागा घ्यावी, ही गोष्ट आपल्या देशाला नवीन नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला एक इंजिनाचे पुस मॉथ विमान आणले. भारतीय हवाई वाहतुकीचा आरंभ आपण त्या दिवसापासून मोजतो. पण त्या विमानात बडे प्रवासी नव्हते. टपालाच्या थैल्या होत्या. टपालाच्या कामाने विमान उडू लागले, माणूस मागाहून त्यात शिरला.

याहून बोलके उदाहरण नागपूरचे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांची चार विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, आपापल्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. त्या विमानांतून उतारूही जात. मध्यरात्री नागपूरच्या धावपट्टीवर ताटकळण्याची ज्याची तयारी असे, त्याने त्या विमानात बसावे.

पुढे २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली. त्याआधी ते भाड्याने हेलिकॉप्टरे देण्याचा धंदा करीत होते. त्यांच्या एक रुपयाच्या तिकिटाची तेव्हा घरोघर चर्चा झाली. अर्थात् विमानातल्या सगळ्याच जागा रुपयाला नव्हत्या. जो खूप आधी ठरवी, वाटेल त्या दिवशी जायला तयार असे, त्याच्या नशिबी रुपया येई. पण त्यामागचे व्यापारी ज्ञान पक्के होते. उडून गेलेल्या विमानातली मोकळी जागा शिळ्या भाजीहून वाईट असते. शिळी भाजी निदान गाईला घालता येते.

सरकारनेही या मोकळ्या जागांचा विचार केला. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेखालच्या पहिल्या विमानांना निरोप देण्यात आला, त्यांत सिमला-दिल्लीबरोबर आमच्या मराठवाड्यातले नांदेड-हैदराबाद हेही होते. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांवर २५०० रुपयांची मर्यादा त्या वेळी घातली होती. तिथे तूट सरकार सोसते. रिकाम्या जेटची तूट बड्या गिऱ्हाइकाने आधीच सोसलेली असते. फरक एवढाच.

ही विमाने शोधून देणारे मध्यस्थही आता झाले आहेत. २०१४ साली कनिका टेकरीवाल यांनी सुरू केलेल्या जेटसेटगोचे नाव त्यांत ठळक आहे. एरवी दहा ठिकाणी फोन करून जे कळायचे ते आता मोबाइलच्या पडद्यावर दिसते.

जरा हिशेब मांडू

जाहिरातीत ‘पाऊणशे टक्क्यांपर्यंत सूट’ असे शब्द असतात. यांतला ‘पर्यंत’ हा शब्द साडीच्या सेलमधल्या ‘पर्यंत’चा सख्खा भाऊ आहे, हे गृहिणींना सांगायला नकोच.

केवळ हिशेब कळावा म्हणून आकडे धरू. आठ जागांच्या विमानाचे एखाद्या प्रवासाचे पूर्ण भाडे १२ लाख रुपये आहे, आणि परतीची फेरी निम्म्यात, म्हणजे ६ लाखांना मिळते आहे. आठही जण गेले तर माणशी ७५ हजार. चौघेच गेले तर माणशी दीड लाख, कारण बहुतेक वेळा भाडे विमानाचे असते, माणसाचे नव्हे. त्यावर कर वेगळा. शिवाय ही एकमार्गी फेरी. परतायचे तिकीट आपले आपण काढायचे. साध्या विमानाने हाच प्रवास काही हजारांत होतो.

तेव्हा हे सरळ सांगून टाकतो : ‘स्वस्त जेट’ हे जेटच्या मानाने स्वस्त असते, आपल्या मानाने नव्हे. दोन कोटींचा हिरा एक कोटीला मिळाला तरी तो मास्तराच्या बायकोच्या बोटात येत नाही. मात्र एखाद्या मोठ्या कुटुंबाने आजोबांच्या अमृतमहोत्सवासाठी वर्षभर पैसे साठवले, आठही जण एकाच दिशेला निघाले आणि हौसेला मोल नसते असे सर्वांनी एकमताने ठरवले, तर गोष्ट अगदीच अशक्य कोटीतली राहत नाही. कधी कधी अशा फेऱ्यांतल्या सुट्या जागाही विकल्या जातात. नियमानुसार अशा कंपन्यांना सुट्या जागा विकता येतात, पण वेळापत्रक जाहीर करून बससारखी सेवा चालवता येत नाही. सुटी जागा मिळाली तर खर्च बराच आवाक्यात येतो.

सवलतीच्या बदल्यात काय द्यायचे?

पैशांची सूट मिळते ती एका वस्तूच्या बदल्यात. ती वस्तू म्हणजे आपली निश्चिती. तारीख त्यांची, वेळ त्यांची, गाव त्यांचे. बहुधा दोन-तीन दिवस आधी, कधी काही तास आधी फेरीची बातमी लागते. तुम्हाला पुण्याहून जायचे असते, विमान मुंबईहून निघणार असते. तुम्हाला सकाळ हवी, ते दुपारी दोनला उडणार.

आणि एवढे जुळवून घेतल्यावरही भरवसा नाही. ज्या बड्या गिऱ्हाइकामुळे ही फेरी निर्माण झाली, त्याने बेत बदलला की तुमची फेरी नाहीशी. त्याच्या घरचे लग्न लांबले, त्याची सभा रद्द झाली, त्याला आणखी दोन दिवस राहावेसे वाटले, तर तुम्ही बॅगा भरून दाराशी बसलेले असलात तरी विमान येत नाही. पैसे परत मिळतील, पण दिवस परत मिळत नाही.

म्हणून काही प्रसंगी या वाटेला जाऊच नये. लग्नाचा मुहूर्त, मुलाची परीक्षा, मुलाखत, शस्त्रक्रिया, परदेशी जाणारे पुढचे विमान, यांपैकी काहीही रिकाम्या फेरीच्या भरवशावर ठेवू नये. ठेवायचेच झाले तर रेल्वेचे किंवा साध्या विमानाचे तिकीट खिशात असावे, आणि तो खर्चही हिशेबात धरावा. पोहायला निघालेल्याने काठावरचे झाड पाहून ठेवावे, त्यातला हा प्रकार.

ज्यांना हे जमते त्यांनी मध्यस्थाकडे नाव नोंदवताना दिवस नव्हे, पंधरवडा सांगावा. एकच गाव नव्हे, दोन-तीन सांगावीत. आमच्या गंगापूरकराला तर हे सोपे आहे. एका बाजूला चिकलठाणा, दुसऱ्या बाजूला २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झालेला काकडीचा शिर्डी विमानतळ. वेरूळ-अजिंठ्याचे पाहुणे एकीकडे उतरतात, साईभक्त दुसरीकडे. जो एका विमानतळाचा हट्ट धरतो त्याला एक दार, जो धरत नाही त्याला दोन.

सामानाचेही विचारून घ्यावे. लहान जेटच्या पोटात मोठ्या ताठ पेट्या मावत नाहीत, मऊ पिशव्या मावतात. प्रत्येकाचे वजन विचारतात, ते प्रामाणिकपणे सांगावे. लहान विमानात वजनाचा हिशेब हा थट्टेचा विषय नसतो.

विमान कोणाचे, हे आधी विचारा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या देशात भाड्याने उतारू नेण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट म्हणतात. एखाद्या उद्योगपतीने स्वतःच्या वापरासाठी नोंदवलेले विमान असते, त्यात तो आपल्या माणसांना नेऊ शकतो, पण भाडे घेऊ शकत नाही. असे असूनही ‘आमच्या ओळखीच्यांचे विमान आहे, नुसते इंधनाचे पैसे द्या’ असे सांगणारे भेटतात. खासगी जीपने टपावर माणसे बसवून नेण्याचाच हा उंची अवतार. अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकू शकते. म्हणून विमानाचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, ते चालवणाऱ्या कंपनीचे नाव आणि तिचा परवाना या तीन गोष्टी लेखी मागाव्यात. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते, ती पाहणे पाच मिनिटांचे काम. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, ती चहा होईपर्यंत शोधून देईल.

पैसे कंपनीच्या खात्यातच भरावेत, कोणा भाऊसाहेबांच्या वैयक्तिक खात्यात नव्हे. फेरी रद्द झाली तर किती दिवसांत किती रक्कम परत, हे कागदावर हवे. विमान ऐन वेळी बदलले तर कोणते देणार, हेही त्यातच लिहून घ्यावे. ‘लगेच भरा, दुसरे गिऱ्हाईक लाइनीत आहे’ असा तगादा सुरू झाला की फोन खाली ठेवावा. खरी घाई आणि घाईचे नाटक यांतला फरक दुरून कळत नाही, आणि चुकल्यास नुकसान आपले.

आणखी एक. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले एक लिअरजेट ४५ मुंबईत मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीवरून घसरले. आतले आठही जण वाचले, हे नशीब. खासगी विमान म्हणजे हवामानाला न जुमानणारे विमान नव्हे. वैमानिक ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये. ज्याने आपल्या वेळेचा हट्ट सोडूनच सवलत घेतली आहे, त्याने आकाशाशी हट्ट करण्याचे कारणच नाही.

जेट नसले तरी तत्त्व आपले

आता कोणी म्हणेल, एवढे सगळे वाचून आम्ही जेटमध्ये बसणार नाही ते नाहीच, मग उपयोग काय? उपयोग आहे. परतीच्या भाड्याचे तत्त्व जेटपुरते नाही. लोंढा ज्या दिशेने धावतो तिच्या उलट दिशेला वाहने मोकळी असतात. दिवाळीच्या आधी पुण्याहून मराठवाड्याकडे येणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सचे दर आभाळाला भिडतात. त्याच गाड्या पुण्याकडे परत जाताना बऱ्याच मोकळ्या असतात, आणि भाऊबीज उलटली की नेमके उलटे होते. विमानाचेही तेच. शुक्रवार-रविवारऐवजी मंगळवार-बुधवार, संध्याकाळऐवजी भल्या पहाटे, गर्दीच्या विमानतळाऐवजी शेजारचा, असे जो करू शकतो त्याला बहुधा सूट मागावी लागत नाही, ती आपोआप मिळते.

पण हे करू कोण शकतो? मुलाला ऑफिस, सुनेला रजा नाही, नातवंडांना शाळा. वेळेची लवचीकता घरात एकाच जोडप्याकडे असते, निवृत्त आई-वडिलांकडे. म्हणून हिशेबी घरांत आता एक नवी चाल पडते आहे : ‘आई-बाबा, तुम्हीच इकडे या. तुम्हाला काय, वेळच वेळ आहे. तिकीटही स्वस्त पडते.’ हिशेब बिनचूक आहे. चौघांनी गर्दीतून महागात येण्यापेक्षा दोघांनी मोकळ्या गाडीने स्वस्तात जावे, यात गैर काय?

गैर काही नाही, फक्त एक गोष्ट या हिशेबात विसरली जाते. मोकळा वेळ म्हणजे फुकटचा वेळ नव्हे. वडिलांची सकाळची फिरण्याची मंडळी असतात, आईचे तुळशीचे, शेजारणीचे, फराळ वाटण्याचे जग असते. वर्षानुवर्षे ज्या उंबरठ्यावर पणती लावली तो उंबरठा त्या वर्षी अंधारात राहतो. रिकामी फेरी विकणारा विमानवाला निदान तुमच्या वेळेचे मोल ओळखतो आणि त्याबद्दल लाखोंची सूट देतो. आपण घरातल्या माणसांचा वेळ घेतो, तेव्हा त्याची साधी पोचही देत नाही. एका वर्षी त्यांनी मोकळ्या गाडीने जावे, दुसऱ्या वर्षी मुलांनी चार पैसे जास्त मोजून, गर्दीत उभे राहून गावी यावे. हिशेब असा फिटतो.

स्वस्त प्रवासाची युक्ती अखेर एवढीच आहे. पैसे कमी द्यायचे असतील तर वेळ जास्त द्यावा लागतो. तिकीट काढण्यापूर्वी तो वेळ कोणाचा जाणार आहे, एवढे एकदा घरात बसून विचारावे. उत्तर पटले तर खुशाल निघावे, मग वाहन काळी-पिवळी असो वा जेट.